हिरवळ कोणाच्या घामाची?

युरोप फिरून आलेल्यांची प्रवासवर्णने आपल्याकडे उदंड छापून येतात. त्यात पॅरिसचा मनोरा असतो, स्वित्झर्लंडचा बर्फ असतो, हॉटेलातल्या नाश्त्याचे वर्णन असते. नसतो तो त्या देशात राबणारा माणूस. शेत दिसते, पण ते कसणारा कोण आणि खंड घेणारा कोण, हे दिसत नाही. देवळाची उंची मोजली जाते, पण त्याचा खर्च कोणाच्या कणगीतून निघाला हे विचारले जात नाही. चळवळीच्या वाचकाने अशा डोळ्यांनी प्रवास करू नये, आणि प्रवासवर्णनही अशा डोळ्यांनी वाचू नये. म्हणून आज स्पेनच्या एका कोपऱ्यातल्या हिरव्यागार, पावसाळी प्रांताची सफर करायची आहे, ती जरा वेगळे प्रश्न खिशात घेऊन.

या प्रांताचे नाव गॅलिसिया. पोलंड आणि युक्रेनच्या सीमेवर याच नावाचा एक जुना प्रदेश होता, त्याचा याच्याशी संबंध नाही. हा गॅलिसिया स्पेनच्या वायव्य टोकाला, पोर्तुगालच्या डोक्यावर बसलेला आहे. स्पेन म्हटले की आपल्याला रखरखीत ऊन आणि बैलांच्या झुंजी आठवतात. इथे ते चित्र पार पुसले जाते. सांतियागो या राजधानीच्या शहरात वर्षाला सुमारे १,८०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपला पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. तिथला मुख्यतः शरद ऋतूत आणि हिवाळ्यात, अटलांटिक समुद्रावरून येत राहतो. अंगावर पडतो की नाही असे वाटावे अशा बारीक भुरभुरीला तिथे ‘ओर्बायो’ असा खास शब्द आहे. किनारा सुमारे दीड हजार किलोमीटरचा, लोकसंख्या २७ लाखांच्या आसपास आणि जिल्हे चार : आ कोरुन्या, लुगो, ओरेन्से, पोन्तेवेद्रा. जायचे असेल तर मे ते सप्टेंबर हा काळ बरा. पण तेव्हाही रेनकोट पिशवीत हवाच.

सफर सांतियागोपासून सुरू होते, कारण सगळे जग तिथेच उतरते. येशूच्या बारा शिष्यांपैकी याकोब याची कबर इथे सापडली, असा दावा नवव्या शतकात करण्यात आला आणि त्यावर युरोपातले एक मोठे तीर्थक्षेत्र उभे राहिले. आजही लोक शेकडो किलोमीटर चालत येतात. २०२४ साली सुमारे ५ लाख लोकांनी यात्रा पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र घेतले. त्यातले कितीतरी श्रद्धेने येत नाहीत, चालण्यासाठी आणि स्वतःला तपासण्यासाठी येतात. चालण्याला आपला विरोध नाही. कॅथेड्रलमधले मास्तर मातेओ याचे ११८८ सालचे दगडी शिल्पद्वार तर डोळ्यांत साठवावे असेच आहे. पण दगडाचे कौतुक करून झाल्यावर हिशेबाची वही उघडलीच पाहिजे.

या कॅथेड्रलला शतकानुशतके एक कर मिळत असे. त्याला ‘सांतियागोचा नवस’ म्हणत. नवस म्हटले की तो स्वेच्छेने बोललेला असतो, असे आपल्याला वाटते. हा नवस शेतकऱ्याने बोललाच नव्हता. ८४४ साली क्लाविहो येथे मुसलमानांशी लढाई झाली, संत याकोब पांढऱ्या घोड्यावरून स्वतः रणात उतरला, म्हणून राजाने कृतज्ञतेने हा कर लावून दिला, अशी सनद पुढे करण्यात आली. ही सनद बनावट होती. ती बाराव्या शतकात रचली गेली, आणि त्या लढाईलाही इतिहासात आधार नाही. न झालेल्या लढाईच्या, न दिलेल्या सनदेवर कष्टकऱ्याच्या खळ्यातले धान्य उचलले जात होते. १८१२ साली स्पेनच्या संसदेने हा कर रद्द केला. राजेशाही परतताच तो पुन्हा आला, आणि १८३४ साली कायमचा गेला. पोथी कोणी लिहिली आणि ती दाखवून पोते कोणी उचलले, हे दोन प्रश्न वेगळे नसतात, याचा याहून स्वच्छ पुरावा क्वचितच सापडेल.

त्याच कॅथेड्रलमध्ये अठराव्या शतकातला एक पुतळा आहे. घोड्यावर बसलेला, तलवार उगारलेला संत. त्याचे नाव ‘मातामोरोस’, म्हणजे मूरांना मारणारा. मूर म्हणजे उत्तर आफ्रिकेतून आलेले मुसलमान. घोड्याच्या टापांखाली कापले जाणारे मूर कोरलेले आहेत. ते यात्रेकरूंना दिसू नयेत म्हणून तो भाग फुलांनी झाकला जात आला आहे. २००४ साली हा पुतळा तिथून हलवण्याचा विचार झाला, त्यावर ओरड झाली आणि पुतळा राहिला. वर तलवार तशीच, खाली फुले! इतिहासातला हिंसाचार नाकारायचाही नाही आणि दाखवायचाही नाही, ही धर्मसत्तेची जुनी रीत आहे.

पण ही जनता मुकाट्याने सोसणारी होती, असा समज कोणी करून घेऊ नये. १४६७ साली इथल्या शेतकऱ्यांनी, कारागिरांनी आणि शहरातल्या सामान्य लोकांनी सरंजामदारांविरुद्ध उठाव केला. हा उठाव ‘इरमान्दिन्यो’ म्हणजे बंधूंचा उठाव म्हणून ओळखला जातो. त्यांनी शंभराहून अधिक गढ्या जमीनदोस्त केल्या. १४६९ साली सरदारांनी तो चिरडला. प्रांतात फिरताना टेकडीवर एखादी पडकी गढी दिसली, की माहितीपत्रकात तिचे वैभव वाचायला मिळते. ती कोणी पाडली असेल, हे मात्र आपणच आठवायचे.

सांतियागोहून बसने नैर्ऋत्येला पाऊण तासाच्या आत पाद्रोन हे गाव येते. इथल्या छोट्या हिरव्या मिरच्या तेलात तळून मीठ भुरभुरून खातात. बहुतेक गोड, एखादीच जिभेला चटका देणारी. पण आपण थांबायचे ते रोसालिया दे कास्त्रो या कवयित्रीच्या घरापाशी. तिचा जन्म १८३७ सालचा. आई अविवाहित, बाप धर्मगुरू. त्यामुळे बाप्तिस्म्याच्या नोंदीत ‘आईवडील अज्ञात’ असे लिहिले गेले. ज्या धर्मपीठाने तिच्या जन्माला नाव दिले नाही, त्याच भूमीच्या भाषेला तिने नाव मिळवून दिले. शेतकऱ्याची, कोळ्याची, मोलकरणीची म्हणून हिणवली गेलेली गॅलिशियन भाषा तिने १८६३ साली कवितेत आणली. त्या संग्रहाच्या शताब्दीपासून, म्हणजे १९६३ पासून, १७ मे हा दिवस गॅलिशियन साहित्याचा दिवस म्हणून पाळला जातो.

१८८० सालच्या दुसऱ्या संग्रहात तिने एका विभागाला ‘जित्यांच्या आणि मेलेल्यांच्या विधवा’ अशा अर्थाचे नाव दिले. जित्यांच्या विधवा म्हणजे कोण? ज्यांचे नवरे पोटासाठी समुद्रापार गेले आणि परतले नाहीत त्या बायका. हिरव्यागार प्रांतातून माणसे का गेली? कारण हिरवळ पोट भरत नाही. जमिनीचे तुकडे हातरुमालाएवढे, त्यावर खंडाचे ओझे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढच्या शंभर वर्षांत दहा लाखांहून अधिक गॅलिशियन माणसे हवाना, ब्यूनोस आयर्स, मोन्तेविदेओ या शहरांकडे गेली. तिथे त्यांनी हमाली केली, भांडी घासली, दुकानाच्या माळ्यावर झोपून दिवस काढले. अर्जेंटिनात कोणत्याही स्पॅनिश माणसाला ‘गायेगो’ म्हणजे गॅलिशियन म्हणण्याची पद्धत पडली आणि त्या नावावर अडाणीपणाचे विनोद रचले गेले. ज्याने शहर उभारले, त्याचे नाव शिवी झाले!

या स्थलांतरातले एक पान तर सरळ गुलामगिरीचे आहे. १८५४ साली गॅलिसियातच जन्मलेल्या आणि क्यूबात मळेवाला झालेल्या उर्बानो फेइहो दे सोतोमायोर याने सुमारे १,७०० गॅलिशियन मजूर करारावर क्यूबाला नेले. आफ्रिकन गुलामांचा पुरवठा महाग पडू लागला होता, त्यांच्या जागी आपल्याच गावची उपाशी माणसे स्वस्त पडतील, हा त्याचा हिशेब. उसाच्या मळ्यात या माणसांना उपाशी ठेवले गेले, मारले गेले, विकल्यासारखे दुसऱ्यांच्या हवाली केले गेले. शेकडो मेले. प्रकरण स्पेनच्या संसदेपर्यंत गेले आणि करार मोडीत निघाले. शोषक आपल्याच मातीतला आहे, आपलीच भाषा बोलतो, एवढ्यावरून तो आपला होत नाही.

पाद्रोनच्या पुढे आरोसाची खाडी लागते. नदीच्या खोऱ्यात समुद्र आत घुसून झालेल्या अशा रुंद खाड्यांना तिथे ‘रिया’ म्हणतात. पाण्यावर शेकडो चौकोनी लाकडी तराफे तरंगताना दिसतात. निलगिरीच्या लाकडाच्या या तराफ्यांना खाली बारा मीटरपर्यंत लांब दोर बांधलेले असतात आणि त्या दोरांवर काळे शिंपले वाढवले जातात. मालवणकडे ज्यांना शिनाणे म्हणतात, त्याच कुळातले. सगळ्या गॅलिसियात असे तीन हजारांहून अधिक तराफे आहेत आणि युरोपातले शिंपल्यांचे मोठे उत्पादन इथूनच येते.

पण खरी खाडी पाहायची ती ओहोटीच्या वेळी. पाणी मागे सरले की गुडघाभर बूट घातलेल्या बायका कुदळीसारखी अवजारे आणि बादल्या घेऊन चिखलात उतरतात. वाकून, चिखल उकरून तिसऱ्या वेचतात. पिढ्यान्‌पिढ्या हे काम ‘बायकांची वरकड मिळकत’ म्हणून गणले गेले. पाठ त्यांची मोडायची, भाव दलाल ठरवायचे. १९९० च्या दशकात या बायका संघटित झाल्या. परवाने आले, किती वेचायचे याच्या मर्यादा आल्या, लिलाव आला, सामाजिक सुरक्षेत नोंद झाली. ‘नवऱ्याला मदत करणारी’ ही ओळख जाऊन ‘कामगार’ ही ओळख आली. हा बदल निसर्गाने केला नाही, संघटनेने केला. मात्र पाऊस त्यांच्या मुळावर उठू शकतो, हेही त्यांनी पाहिले. २०२३ च्या शरद ऋतूत अतिवृष्टीने खाड्यांत गोडे पाणी इतके शिरले की खारेपणा उतरला आणि तिसऱ्या मोठ्या प्रमाणावर मेल्या. पर्यटक ज्या पावसाचे फोटो काढतात, तोच पाऊस कोणाची तरी मजुरी बुडवतो.

खाडीवरून उत्तरेला किनारा धरून गेले की कार्नोता हे गाव येते. गॅलिसियात जागोजाग दगडी खांबांवर उचललेली धान्याची कोठारे दिसतात. त्यांना ‘ओरेओ’ म्हणतात. ओल लागू नये म्हणून ती उंचावर, उंदीर चढू नयेत म्हणून खांबाच्या माथ्यावर आडवी चकती, वारा खेळावा म्हणून भिंतीत फटी. कष्टकऱ्याच्या अकलेचा हा नमुना आहे. शेतकऱ्याचे कोठार असते चार-सहा खांबांचे. कार्नोताचे कोठार आहे जवळजवळ ३५ मीटर लांब! प्रवासी त्याच्या लांबीपुढे उभे राहून फोटो काढतात. ते कोठार शेतकऱ्याचे नव्हे, चर्चचे आहे. गावाने दिलेला दशमांश, म्हणजे पिकाचा दहावा हिस्सा, त्यात साठवला जाई. बांधकाम सुरू झाले १७६८ साली. आणि १७६८-६९ हीच गॅलिसियाच्या इतिहासातली मोठ्या उपासमारीची वर्षे. पाऊस थांबला नाही, पीक कुजले, ज्याला आपण ओला दुष्काळ म्हणतो तो पडला आणि माणसे अन्नासाठी शहरांच्या वेशीवर येऊन मेली. कोठाराची लांबी ध्यानात ठेवताना हे सालही ध्यानात ठेवावे.

याच किनाऱ्यावर फिस्तेरा आहे. रोमन लोकांनी याला पृथ्वीचा शेवट मानले. दीपगृहाजवळ उभे राहिले की पुढे फक्त समुद्र. या भागाचे नावच ‘मृत्यूचा किनारा’, कारण इथल्या खडकांवर असंख्य जहाजे फुटली. कोळी आजही लाटांशी झुंजत या खडकांवरून ‘पेर्सेबे’ नावाचा कवचाचा जीव खरवडून काढतात. एक लाट चुकली की माणूस गेला. हॉटेलच्या ताटलीत तो सर्वांत महाग पदार्थ असतो.

१३ नोव्हेंबर २००२ रोजी याच समुद्रात ‘प्रेस्टीज’ हे सुमारे ७७,००० टन जड तेल घेऊन चाललेले २६ वर्षांचे जुनाट जहाज वादळात सापडले. त्याला बंदरात आसरा देण्याऐवजी सरकारने ते किनाऱ्यापासून दूर पाठवले. १९ नोव्हेंबरला ते दुभंगून बुडाले. काळा चिकट थर किनाऱ्यावर आला. सरकार धोका कमी असल्याचे सांगत होते, तेव्हा कोळी आपल्या होड्या घेऊन हातांनी तेल उपसत होते. मागून देशभरातून हजारो स्वयंसेवक आले. ‘नुन्का माइस’, म्हणजे पुन्हा कधीच नाही, ही घोषणा घेऊन १ डिसेंबर २००२ रोजी सांतियागोच्या रस्त्यांवर, भर पावसात, लाखावर माणसे उतरली. आणि न्याय? २०१३ साली कोरुन्याच्या न्यायालयाने पर्यावरणाच्या गुन्ह्यातून सर्वांना सोडले. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन वर्षांची शिक्षा दिली ती जहाजाच्या वृद्ध कप्तानाला. ज्यांनी जहाज दूर पाठवण्याचा निर्णय घेतला, त्यांच्यापैकी कोणी तुरुंगात गेले नाही.

किनारा सोडून आत ओरेन्से जिल्ह्यात शिरले की डोंगर चढू लागतात आणि गावे रिकामी दिसू लागतात. दगडी घरे, कोसळलेली छपरे, बंद शाळा. इथे एक गोष्ट आवर्जून पाहावी. आपल्याकडच्या गायरानासारखी, पण कायद्याने गावकऱ्यांच्या सामाईक मालकीची डोंगरजमीन. गॅलिसियाच्या एकूण भूभागापैकी जवळपास पाव भाग अशा जमिनीचा आहे. फ्रान्कोच्या हुकूमशाहीत सरकारी वनखात्याने ती ताब्यात घेऊन पाईनची झाडे लावली. ज्यांची शेळ्यामेंढ्यांवर गुजराण होती, त्यांची चराई बंद झाली आणि ती माणसेही बोटीत किंवा आगगाडीत बसली. १९६८ च्या कायद्याने गावांची सामाईक मालकी मान्य झाली. पण तोवर कसणारे हात निघून गेले होते. माणूस गेला की झुडूप माजते, झुडूप माजले की आग लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये याच जिल्ह्यात गॅलिसियाच्या इतिहासातले सर्वांत मोठे वणवे पेटले. एकट्या लारोउको भागातल्या वणव्यात सुमारे ३०,००० हेक्टर जळाले. पावसाचा प्रांत असा जळतो, कारण जमीन राखायला फक्त पाऊस पुरत नाही. तिथे राहून पोट भरू शकेल असा माणूस लागतो.

ओरेन्सेहून मिन्यो नदीच्या कडेने खाली आले की तुई हे सरहद्दीवरचे गाव येते. पूल ओलांडला की पोर्तुगाल. या भागात सोब्रेदो नावाची वाडी आहे. गॅलिसियाची बरीच जमीन ‘फोरो’ नावाच्या करारावर कसली जाई. मालक चर्च किंवा सरदार, मधे दलाल जमीनदार, तळाशी शेतकरी. जुने करार तीन राजांच्या हयातीपर्यंत चालत, म्हणजे नातवंडांनाही खंड चुकत नसे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेतकरी संघटित झाले आणि त्यांनी हा खंड नाकारला. २८ नोव्हेंबर १९२२ रोजी सोब्रेदोत पोलिसांनी गोळीबार केला. तीन माणसे मेली. त्यांत एक स्त्री होती. त्यानंतर १९२६ साली खंड एकरकमी फेडून जमीन मोकळी करून घेण्याचा कायदा झाला. आज ज्या हिरव्या बांधावर उभे राहून प्रवासी चहूकडे पाहतो, तो बांध कष्टकऱ्याच्या नावावर होऊन शंभर वर्षेच झाली आहेत. त्यासाठीही त्याने पैसे मोजले आणि रक्तही दिले.

या पुलावर उभे राहून आणखी एक गोष्ट ऐकावी, ती म्हणजे भाषा. नदीच्या दोन्ही काठांवरच्या बोलीचे मूळ एकच, मध्ययुगातली गॅलिशियन-पोर्तुगीज. दक्षिण काठावरच्या भाषेला राजा मिळाला, आरमार मिळाले. ती ब्राझीलला गेली, गोव्यात येऊन साडेचारशे वर्षे दरबाराची भाषा झाली. उत्तर काठावरची तीच भाषा गोठ्यात आणि चुलीपाशी राहिली, ‘गावंढळांची बोली’ ठरली. भाषा शुद्ध की अशुद्ध हे व्याकरण ठरवत नाही, सत्ता ठरवते, हे या पुलावर पाच मिनिटांत कळते.

२८ जून १९३६ रोजी गॅलिसियाने स्वायत्ततेच्या बाजूने कौल दिला. तीनच आठवड्यांत फ्रान्कोचा लष्करी उठाव झाला. स्वायत्ततेसाठी झटलेल्या आलेक्सान्द्रे बोवेदा याला १७ ऑगस्ट १९३६ रोजी पोन्तेवेद्रात गोळ्या घातल्या. फ्रान्को स्वतः गॅलिसियातल्या फेर्रोलचा. त्याच्याच राजवटीत शाळेतून, कचेरीतून गॅलिशियन हद्दपार झाली. आईची भाषा बोलणाऱ्या पोराला वर्गात अपमान मिळू लागला, आणि मग आईनेच पोराशी ती भाषा बोलणे सोडले. १९८१ साली स्वायत्तता आली, भाषेला राजमान्यता मिळाली, ती शाळेत शिकवली जाऊ लागली. तरीही २०२३ च्या सर्वेक्षणात रोजच्या व्यवहारात मुख्यतः गॅलिशियन बोलणारे प्रथमच निम्म्याहून कमी भरले. एकदा मनात बिंबवलेली लाज कायद्याने एका दिवसात जात नाही. ती काढायला चळवळच लागते.

सफर संपवायची ती पुन्हा सांतियागोत, पण कॅथेड्रलमध्ये नव्हे. दहा-पंधरा मिनिटे चालत गेले की बोनावाल नावाचा जुना मठ आहे. तिथे रोसालियाची समाधी आहे. शेजारी कास्तेलाओ आहे. चित्रकार, व्यंगचित्रकार, लेखक, स्वायत्ततेचा पुढारी. १८८६ साली आरोसाच्या काठी रियांशो या गावी जन्मला, १९५० साली ब्यूनोस आयर्सला निर्वासित म्हणून मेला. चौतीस वर्षांनी, १९८४ साली, त्याच्या अस्थी मायदेशी आल्या. कॅथेड्रलपुढे रांग असते. इथे बहुधा शांतता असते, आणि बाहेर ओर्बायो भुरभुरत असतो.

वाचकांपैकी किती जण तिकडे जातील, हा प्रश्न गौण आहे. आपल्या मुलांपैकी काही आज शिक्षणाच्या, नोकरीच्या निमित्ताने युरोपात पोचली आहेत, पुढेही पोचतील. त्यांनी डोंगर पाहावेत, समुद्र पाहावा, मनसोक्त भिजावे. सौंदर्य ही काही प्रस्थापितांची मिरास नव्हे. पण हिरवा बांध दिसला की जमीन कोणाची, लांब कोठार दिसले की धान्य कोणाचे, आणि दुकानदार हलक्या आवाजात आपल्या माणसाशी बोलू लागला की ही भाषा कोणी दाबली, एवढे विचारल्याशिवाय तिथून हलू नये. कॅमेऱ्यात हिरवळ आपोआप येते. तिच्या मुळाशी जिरलेला घाम मात्र विचारणाऱ्यालाच दिसतो.